चढ फुकट

आदल्या दिवशी आम्ही भिंतीला फळी लावत होतो.

मी सुट्टीला आले की पिशवीभर पुस्तकं घेऊन येते आणि जाताना निम्मी इथेच सोडते. ती मग खुर्चीवर, खिडकीत, शिवणयंत्राच्या झाकणावर साठत जातात. “घर आहे की रद्दीचं दुकान?” असं आई दर वेळी म्हणायची. त्या सकाळी मोजणींनी ते मनावर घेतलं. माळ्यावरून एक जुनी फळी काढली, पॉलिशपेपरने घासली आणि ड्रिल घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“कुठे हवी?”

“इथे. थोडी वर.”

“थोडी हे माप नाही.”

“बरं, दोन बोटं वर.”

“कोणाची बोटं? तुझी की माझी?”

“माझी घ्या,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि दिवेलागणीच्या आत आटपा.”

भोकं पाडून झाली, फळी बसली. मोजणींनी तिच्यावर त्यांची जुनी पितळी पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा जरा इकडेतिकडे झाला आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. तेवढा वेळ ते श्वास रोखून बघत होते. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस पुस्तकांच्या एका फळीसाठी श्वास रोखतो, याचं मला हसू आलं.

मी मागे सरकून पाहिलं. “तिरकी दिसतेय.”

“फळी सरळ आहे. तुमची भिंत तिरकी आहे.”

“तुमची म्हणे!” आई आतूनच म्हणाली. “तुम्ही काय भाड्याने राहता इथे?”

“मी लगत राहतो,” मोजणी म्हणाले.

हा त्यांचा ठरलेला विनोद होता. जमिनीच्या कागदावर जागेची ओळख तिच्या शेजाऱ्यांवरून दिलेली असते. पूर्वेला लगत अमक्याची जागा, दक्षिणेला लगत रस्ता, अशी. लगत म्हणजे अगदी चिकटून, तरी आत नाही. आई यावर नेहमी कपाळाला हात लावायची आणि मोजणी मिशीत हसायचे. त्या दिवशीही तसंच झालं. संध्याकाळी मी हाक मारली, “मोजणी, चहा झालाय.” ते “आलो” म्हणाले आणि आले. चहा पिता पिता त्यांनी फळीवरचं एक पुस्तक उचलून त्याची जाडी बघितली, हातात तोललं आणि म्हणाले, “फळी धरेल. तू वाचशील का, ते बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. पाणसळ फळीवरच राहिली होती.

मी त्यांना मोजणी का म्हणायचे, ते सांगायला हवं.

माझे वडील गेले तेव्हा मी नीट बोलायलाही शिकले नव्हते. त्यांची मला आठवण म्हणजे एक खांदा आणि त्या खांद्यावरून दिसणारा रस्ता, एवढीच. ते आणि त्यांचे मोठे भाऊ एकाच जागेत राहायचे. वडील गेल्यावर मोठ्या काकांनी जागेच्या वाटण्या करायचं ठरवलं आणि सरकारी मोजणीदार बोलावला. रीतसर नकाशा, मध्ये हद्दीचा दगड, दोन्हीकडच्यांच्या सह्या. सपाट भाग काकांकडे गेला, उताराचा आमच्याकडे. काका वाईट नव्हते. विहीर त्यांनी आम्हाला दिली.

तो मोजणीदार उन्हात काम करता करता आमच्या दाराशी आला. पुढची गोष्ट आई इतक्यांदा सांगते की मला ती पाहिल्यासारखी वाटते. दारात टोपीवाला, धुळीने भरलेला माणूस. आईला वाटलं, पाणी मागेल. तो म्हणाला, “बाई, घरात थोडा कोळसा मिळेल का? आणि काही फुटकं?”

“फुटकं?” आई म्हणाली. “सगळं घरच फुटलंय. त्यातलं काय देऊ?”

त्या माणसाने टोपी काढली. आपण काय बोलून गेलो ते आईला मग कळलं. तिने एक फुटका कप आणि मूठभर कोळसे आणून दिले. ते कशाला हवेत, हे तिने विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. “त्या वेळी कोणी काही मागितलं की मी देऊन टाकायचे,” ती म्हणते.

नकाशाची नक्कल द्यायला तो परत आला. मग नक्कल पोचली का, ते बघायला आला. मग विहिरीचा रहाट दुरुस्त करायला आला, जे कुठल्याच मोजणीदाराचं काम नाही. दोनेक वर्षांनी त्यांनी लग्न केलं. “मोजायला आला आणि मुक्कामाला राहिला,” असं नातेवाईक म्हणायचे. काही हसून म्हणायचे, काही न हसता.

कोण आलंय, असं आईने विचारलं की मी दारातून ओरडायचे, “मोजणी आली!” शब्द मला तेवढाच कळला होता. पुढे “आली” गेलं, “मोजणी” राहिलं. त्यांनी कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही. आईने एकदा सुचवून पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, “राहू दे. हद्द ज्याची त्याने सांगायची असते.” मग तेच नाव घरात रुळलं. शाळेतल्या बाई त्यांना “मोजणीकाका” म्हणू लागल्या. आईसुद्धा रागावली की “अहो मोजणी” म्हणायची. मायेचंच नाव होतं ते. त्यात मला कधी काही कमी वाटलं नाही, आणि त्यांना वाटलं असेल तर त्यांनी ते दिसू दिलं नाही.

ते गेले त्यानंतर काही आठवड्यांनी दादा आमच्या अंगणात टेप घेऊन दिसला.

दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा. काका आता नाहीत. दादाला दोन्ही जागांच्या मध्ये, तारेच्या जुन्या कुंपणाच्या जागी, पक्की भिंत बांधायची होती. भिंत बांधण्याआधी माप घ्यावं, यात गैर काहीच नव्हतं. त्याने आपली जागा मोजली, ती नकाशाबरहुकूम भरली, पण पलीकडच्या टोकाला दगड नसल्याने ते माप अंदाजाचं होतं. मग आमची मोजली, वरच्या रस्त्यापासून खाली विहिरीजवळच्या हद्दीच्या दगडापर्यंत. ती नकाशापेक्षा जास्त भरली. चांगली हातभर.

“काकू, मी भांडायला आलेलो नाही,” तो आईला म्हणाला. तो ओट्यावर बसला होता आणि टेप गुंडाळता गुंडाळता बोलत होता. “पण हे जास्तीचं आलं कुठून? जमीन काही वाढत नाही.”

“मग काय म्हणणं आहे तुझं?”

“म्हणणं काही नाही. दगड कोणी रोवला? त्यांनी. इथे राहायला कोण आलं? तेच. दगड काय, उचलला की सरकतो. बाबा जाईपर्यंत गप्प बसले, मीही बसलो असतो. पण भिंत एकदाच बांधतात.”

आईने त्याच्यापुढे ठेवलेला चहाचा कप उचलला आणि आत नेला. तो अजून भरलेला होता.

दादाने फेरमोजणीचा अर्ज केला. लगतचे धारक म्हणून आम्हाला रीतसर नोटीस आली. अमक्या तारखेला जागेवर हजर राहावे. त्या हातभर पट्ट्यात होतं काय? लिंबाचं एक झाड आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक खांब. ते जाऊ दे, असं आम्ही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दगड सरकलेला निघाला असता, तर मोजणी खोटे ठरले असते. सगळ्या गावाच्या हद्दी ज्या माणसाच्या शब्दावर उभ्या होत्या, त्याने स्वतःच्या घरासाठी दगड सरकवला, असं लोक म्हणाले असते. आणि आता उत्तर द्यायला ते नव्हते.

मूळ नकाशाची नक्कल काढायला मी भूमापन कार्यालयात गेले.

मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे. पुस्तकांनी भरलेल्या मोठमोठ्या खोल्या मी पाहिल्या आहेत. पण त्या कार्यालयाच्या मागच्या दालनात शिरले आणि माझी पावलं आपोआप हळू पडू लागली. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडाला चिकटवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या. कारकुनाने टेबलावर एक उलगडून दाखवली. शाईच्या केसाइतक्या बारीक रेघा, प्रत्येक तुकड्यात एक क्रमांक. मला वाटलं होतं, कडेला चौकट असेल, चित्राला असते तशी. चौकट नव्हती. रेघा कागदाच्या कडेपर्यंत येत होत्या आणि तिथे लहान अक्षरांत लिहिलेलं होतं, पुढचा भाग कुठल्या नकाशात आहे ते. त्या नकाशाच्या कडेला त्याच्या पुढचा. मी मान वर करून मांडण्यांकडे पाहिलं. त्या सगळ्या गुंडाळ्या एकमेकींना लगत होत्या. कोणाच्या मालकीची नसलेली एक बोटभरही फट त्यांच्यात नव्हती. पडीक माळाला क्रमांक होता, नदीच्या पात्राला होता, मी रोज जिच्यावरून शाळेत गेले त्या पाऊलवाटेला होता. माझ्या पायाखालची जमीन मी जन्मभर नुसती जमीन समजत आले होते. तिच्या तसूतसूवरून कोणीतरी चालून गेलं होतं आणि परत येऊन ते लिहून ठेवलं होतं.

“कोणी काढला आहे हा?” मी आमच्या तुकड्यावर बोट न टेकवता विचारलं.

कारकुनाने कोपऱ्यातली सही वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. “अरेच्चा! साहेबांचा आहे. ते गेले ना हो परवा? आमच्याकडे नवा माणूस आला की पहिले त्यांचे नकाशे दाखवायचे. तुम्ही कोण त्यांच्या?”

“त्यांच्या घरची.”

“घरची म्हणजे?”

तेवढ्यात मागच्या माणसाने खिडकीतून हात घालून आपला कागद पुढे केला आणि कारकून त्याच्यावर खेकसायला वळला. मी नक्कल घेतली. घरी येताना बसमध्ये ती पुन्हा पाहिली. ज्या घरात ते पुढे जन्मभर राहिले, त्याच्या कागदावर मालक म्हणून वडिलांचं नाव, मग आईचं, मग माझं. त्यांचं नाव फक्त कोपऱ्यात, मोजणीदार म्हणून, सहीपुरतं.

फेरमोजणीच्या दिवशी भूमापक आली ती एक तरुण मुलगी होती. डोक्याला रुमाल, पायात जाड बूट, पाठीवर पिशवी. सोबत खणायला एक मजूर. हातातल्या काठीच्या टोकावर पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र बसवलेलं होतं. दादाला वाटलं होतं, कोणी पुरुष येईल. तो म्हणाला, “साहेब नाही आले?”

“मीच साहेब,” ती म्हणाली. “सकाळी टेकडीवरच्या खांबाशी एक यंत्र लावून आलेय. हे त्याच्याशी बोलतं. दोघं मिळून वर उपग्रहांशी बोलतात. तुम्ही आपसात न बोलता फक्त माझ्याशी बोललात, तर काम लवकर होईल.”

टेकडीवरचा खांब मला माहीत होता. लहानपणी एका सकाळी मोजणी मला तिथे घेऊन गेले होते. माथ्यावर कंबरेइतका चुन्याचा खांब, त्याच्या डोक्यावर पितळेची चकती आणि चकतीवर एक टिंब. मला वाटलं होतं, काहीतरी बघण्यासारखं असेल. मी हिरमुसले.

“हे बघायला आणलंत?”

“हे नाही. तिकडे बघ.” त्यांनी दूर धुरकट दिसणाऱ्या डोंगराकडे बोट केलं. “तिथेही असाच खांब आहे. पूर्वी लोक त्या माथ्यावर आरसा धरायचे, उन्हाची तिरीप इथे दिसायची आणि इथून कोन मोजायचे. त्या डोंगरावरून पुढचा डोंगर दिसतो. तिथून त्याच्या पुढचा.”

“आणि आपलं घर?”

“आपल्या विहिरीजवळचा दगड या खांबाला बांधलाय. दोरीने नाही, आकड्यांनी. हा खांब त्या डोंगराला बांधलाय.”

“आणि शेवटचा डोंगर कशाला बांधलाय?”

“ताऱ्याला,” ते म्हणाले. “कोणीतरी तिथे उभं राहून ताऱ्याकडे बघितलं आणि आपण कुठे आहोत ते ठरवलं.”

मी खूप विचार केला. “तारा हलला तर?”

“हलतोच की. म्हणून वेळ लिहून ठेवतात.”

खाली उतरताना मी आमचं घर शोधलं. काडेपेटीएवढं दिसत होतं. त्याच्या कोपऱ्यातला एक दगड एका ताऱ्याला बांधलेला आहे, हे त्या क्षणी मला माहीत होतं आणि खाली कोणालाच माहीत नव्हतं. पुढे मी देवाधर्माची, तत्त्वज्ञानाची बरीच पुस्तकं वाचली. त्या उतरणीवर मला जे वाटलं, त्याच्या जवळपास जाणारं काही त्यांत फार थोडं सापडलं.

भूमापक काठी घेऊन उतारावरून खाली येत होती. विहिरीजवळ आल्यावर ती अगदी हळू झाली. यंत्राच्या पडद्याकडे बघत काठी बोटभर पुढे, बोटभर मागे. काठीला एक छोटी गोल पाणसळ होती. तिच्यातला बुडबुडा मध्ये येईपर्यंत तिने श्वास रोखला होता. मला एकदम दुसरीकडे बघावं लागलं.

यंत्र वाजलं. तिने काठी टेकली होती त्या जागी लोखंडी खिळा ठोकला. खिळा दगडाच्या पायथ्याला टेकून उभा होता. दगड वर्षानुवर्षांच्या मातीने थोडा कलला होता, पण त्याचा पाय जागेवर होता.

“दगड बरोबर आहे,” ती म्हणाली.

आईने पदराने तोंड पुसलं. तिला खुर्ची आणून दिली होती, पण ती बसली नव्हती.

“कसा बरोबर आहे?” दादा पुढे आला. “मग माझ्या टेपला काय झालं? मी स्वतः मोजलंय. जास्त भरतंय यांचं.”

“टेप कसा धरला होता?”

“कसा म्हणजे? जमिनीवर. टेप काय आकाशात धरतात?”

भूमापकाने माझ्याकडे बघितलं, कारण मी हसले होते. हसायचं नाही असं ठरवून आले होते, तरी.

“चढ फुकट,” मी म्हणाले.

“काय?”

“दादा, आमची जागा उताराची आहे. नकाशा वरून बघतो, पक्षी बघतो तसा. त्याला चढउतार दिसतच नाहीत, सगळं सपाट दिसतं. म्हणून टेप आडवा धरायचा असतो, हवेत, आणि टोकाला ओळंबा सोडायचा. तू जमिनीवरून टेप टाकलास, तो चढही मोजत आला. तो चढ कागदावर नसतोच. मोजणी म्हणायचे, उताराची जमीन घेतली की चढ फुकट मिळतो.”

लहानपणी आमच्या अंगणात मी टेपचं दुसरं टोक धरायचे आणि ते खालून ओरडायचे, “पोटाशी धर! पायाशी नको, पोटाशी!” हे मी दादाला सांगितलं नाही.

तो उताराकडे बघत राहिला. मग स्वतःच्या सपाट जागेकडे. “म्हणजे बाबांनी सपाट घेतलं, त्यांना फुकट काहीच नाही?”

“विहीर पण गेली,” आई म्हणाली.

मजूर हसला. दादाही हसणार होता, पण त्याने स्वतःला आवरलं. “ते टेपचं झालं. पण कागदावरचा आकडाही त्यांचाच आणि दगडही त्यांचाच. दगड सुरुवातीलाच दोन बोटं इकडे रोवला आणि आकडा तसाच लिहिला, असं नसेल कशावरून? बाबा समोर होते, पण दोन बोटांचा फरक त्यांना कळला असता हे कशावरून?”

प्रश्न उद्धट होता, तरी प्रश्न होता. भूमापकाने नकाशाची नक्कल मागितली. कोपऱ्यातली बारीक अक्षरं तिने नखाने दाखवली. सहीच्या वर एक ओळ होती, मी वाचूनही न कळलेली. दगडाखाली साक्ष, उभयतांसमक्ष. खाली मोठ्या काकांची सही.

“हे आता कोणी करत नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी नुसतं ऐकलंय. दगडाखाली काहीतरी पुरायचे, त्या मातीत आपोआप येणार नाही असं. कुजणारही नाही असं. दोन्ही धनी समोर उभे करून. दगड कोणी सरकवला तरी खाली ते जागेवर राहतं. दगड उचलणाऱ्याला ते ठाऊकच नसतं.” तिने मजुराला खूण केली. “हळू. पहारीने नाही, हाताने.”

दगड बाजूला केला. खाली ओलसर, काळपट माती होती. मजूर ओणवा होऊन ओंजळीने माती काढू लागला. आम्ही सगळे नकळत जवळ सरकलो, दादासुद्धा. कोणाच्या हद्दीत कोण उभं आहे, याचं भान राहिलं नाही.

आधी कोळसा निघाला. मातीचा नुसता काळेपणा नव्हे, अखंड तुकडे, कडा तशाच धारदार, मोडल्यावर आत चमक. काल रात्री चूल विझवून कोणी ठेवले असावेत तसे. माझं बालपण, शाळा, नोकरी, वाचलेली सगळी पुस्तकं, मोठ्या काकांचं जाणं, मोजणींचं जाणं, हे सगळं या दगडाच्या वर होऊन गेलं होतं आणि खाली ते कोळसे जसेच्या तसे होते. मी गुडघ्यांवर बसले. उभं राहणं बरं वाटेना.

मग मजुराने काहीतरी पांढरं उचललं. माती पुसून भूमापकाच्या तळहातावर ठेवलं. कपाचा तुकडा. काठाला निळी रेघ. मग कानाचा तुकडा. मग बूड. ते इकडेतिकडे फेकलेले नव्हते. एकात एक नीट रचून ठेवलेले होते, फुटकी वस्तू कोणी जपून ठेवतं तसे.

आई खुर्चीवर बसली.

“तुझ्या वडिलांचा कप,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

“ते गेले त्या आठवड्यात माझ्या हातून फुटला. टाकवेना. फळीवर तसाच ठेवला होता. यांनी फुटकं मागितलं तेव्हा तोच दिला. म्हटलं, न्या. हे दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. म्हणाले, कोणाचा होता? मी सांगितलं. तर म्हणाले, मग बरोबर जागी ठेवतो.” तिने तुकडा घेतला नाही, नुसतं त्याच्या काठावरून बोट फिरवलं. “मला वाटलं, फेकून देतील कुठेतरी. बरोबर जागी म्हणजे इथे, हे मला काय माहीत.”

एका न पाहिलेल्या माणसाचा कप त्या दिवशी मोजणींनी जमिनीत ठेवला. ताऱ्याला बांधलेल्या जागी, माझ्या हद्दीच्या मुळाशी, साक्षीला. तेव्हा ते आमचे कोणी नव्हते. पुढे जन्मभर ते त्या दगडाजवळून ये-जा करत आले, त्याच्या बाजूला त्यांनी लिंबू लावलं, दोरीचा खांब रोवला, आणि तुमची भिंत, तुमचं घर म्हणत राहिले. आत कोण आहे आणि लगत कोण, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

दादाने खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला. “बाबा म्हणायचे खरं,” तो म्हणाला, “की मोजणीच्या दिवशी खड्ड्याशी उभं राहून त्यांना भरून आलं होतं. आम्हाला वाटलं, जागा गेली म्हणून.” मग त्याने आईकडे बघितलं. “काकू, चहा मिळेल का? मागचा राहिला होता.”

“तो ओतून टाकला,” आई म्हणाली. “नवा करते.” पण ती उठली नाही.

भूमापकाने तुकडे होते तसे रचले, कोळसे वर ठेवले, फोटो घेतले. मग मोबाइलवर आवाज नोंदवायचं सुरू करून तो माझ्यासमोर धरला. “दोन प्रश्न आहेत. उत्तर तोंडाने द्यायचं असतं, मान हलवून चालत नाही. सही माणूस न वाचता करतो, बोलताना मात्र त्याला कळतं आपण काय म्हणतोय ते. ही हद्द तुम्हाला मान्य आहे?”

“मान्य आहे.”

“तुम्हाला?”

“मान्य,” दादा म्हणाला.

“आता साक्षीबद्दल. ही इथे कोणी ठेवली? मोजणीदाराचं नाव नकाशावर आहेच. तुम्ही ओळखत असाल तर तुमचे कोण, तेवढं सांगा. पंचनाम्यात लागतं.”

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती खड्ड्यात बघत होती. टेकडीवर ऊन आलं होतं आणि त्या खांबाशी भूमापकाचं यंत्र असणार, इथून न दिसणारं, आमच्याशी बोलत.

मी सांगितलं.

“जरा मोठ्याने,” ती म्हणाली. “वारा आहे.”

“माझ्या बाबांनी,” मी म्हणाले. “हे माझ्या बाबांनी ठेवलंय.”